अपघाताचा दावा पहिल्या नव्वद दिवसांत ठरतो : वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठी आणि नव्या वकिलांसाठी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांहून अधिक. या आकड्यांत चारचाकीच्या काचेमागे बसलेले लोक कमी आहेत. पहाटे नाक्यावर कामासाठी निघालेला बिगारी, तिसरी पाळी संपवून दुचाकीवरून घरी येणारा कंत्राटी कामगार, धुण्याभांड्याच्या कामाला जाताना हायवे ओलांडणारी बाई, अशीच माणसे त्यात जास्त सापडतात. ती कुठल्या वस्तीत राहतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आम्ही सामाजिक कार्यकर्ते म्हणून अशा घरी जातो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अंत्ययात्रेला अख्खी वस्ती येते. पुण्यानुमोदनाला भोजनदान होते, मंडळ वर्गणी काढते, विहारात मदतीची घोषणा होते. पण पंचनाम्याची प्रत कुणी घेतली का, धडक देणाऱ्या गाडीचा विमा कुठल्या कंपनीचा आहे, हे विचारणारा एकही माणूस त्या गर्दीत नसतो. सहा-आठ महिन्यांनी घरची बाई वकिलाकडे जाते, तोवर अर्धे कागद हातातून गेलेले असतात.

नुकसानभरपाईचा आकडा न्यायाधीश ठरवतात हे खरे. पण तो मोठा की छोटा, हे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत गोळा झालेल्या कागदांवर ठरते. आणि हे काम करायला सनद लागत नाही.

आधी हिशेब समजून घेऊ

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अपघात झाला त्याच जिल्ह्यात तो करावा लागतो, हा गैरसमज आहे. दावा करणारा जिथे राहतो तिथेही अर्ज चालतो. नवरा चाकणला गेला आणि बायको-मुले परभणीला असतील, तर दावा परभणीत दाखल होतो. एवढी एक माहिती नसल्यामुळे लोक पुण्याच्या खेपा घालून थकतात आणि मिळेल त्या रकमेवर तडजोड करतात.

रक्कम काढायचे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने दोन निकालांत पक्के केले आहे : सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७). एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३२ वर्षांचा सेंटरिंग कामगार, महिन्याला १५,००० रुपये कमावणारा. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. स्वतःच्या कष्टावर जगणारा चाळिशीच्या आतला माणूस असेल तर भविष्यातील वाढीसाठी उत्पन्नात ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१,००० झाले. अवलंबून असणारे चार ते सहा असले तर मयताचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा होतो. उरले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. ३१ ते ३५ या वयाला गुणक १६ आहे. रक्कम झाली ३०,२४,०००. सहवास गमावल्याची, अंत्यविधीची आणि मालमत्तेच्या हानीची ठरावीक रक्कम यात आणखी मिळते, ती दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढते. सहवासाची भरपाई पत्नीपुरतीच नाही, मुलांना आणि आईलाही मिळते. हे २०१८ च्या मॅग्मा विमा कंपनीच्या खटल्यात स्पष्ट झाले आहे.

आता समजा, त्याचे उत्पन्न १५,००० होते हे दाखवणारा कागदच नाही. न्यायाधिकरणाने अंदाजाने ९,००० धरले, तर त्याच सूत्राने रक्कम येते १८,१४,४००. बारा लाखांहून अधिक फरक, आणि तो पडतो कशामुळे? मुकादमाच्या हजेरी वहीच्या दोन पानांचा फोटो कुणी काढून ठेवला नाही म्हणून.

नाक्यावरच्या कामगाराला पगारपत्रक कुठून येणार, असे काही वकील म्हणतात आणि किमान वेतन लिहून मोकळे होतात. आम्हाला हे मान्य नाही. पगाराचा दाखला नाही म्हणून किमान वेतन हाच एकमेव निकष होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने चंदा विरुद्ध मुकेशकुमार यादव या प्रकरणात २०२१ मध्ये सांगितले आहे. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, मोबाइलवरच्या पैशांच्या व्यवहाराचा उतारा, बँकेचे पासबुक, बचत गटाच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, घरभाड्याची पावती, सोबत काम करणाऱ्या दोघांचे प्रतिज्ञापत्र. यातला एक कागद एकटा पुरत नाही, पण चार-पाच जोडले की माणसाचे आयुष्य उभे राहते. समाजशास्त्राच्या वर्गात ज्याला असंघटित क्षेत्र म्हणतात, ते कागदाबाहेरचे जग असते असे शिकवतात. कागद असतात, विखुरलेले असतात एवढेच.

घर सांभाळणाऱ्या बाईचा मृत्यू झाला तर 'ती कमावत नव्हती' असे विमा कंपनीचा वकील म्हणतो. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०२१) या निकालाने गृहिणीच्या श्रमालाही उत्पन्न धरून भरपाई द्यायला सांगितले आहे. हा निकाल प्रत्येक नव्या वकिलाच्या फाइलमध्ये हवा.

वयासाठी आधार कार्ड जोडून थांबू नका. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला अधिक ग्राह्य, असे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरोज विरुद्ध इफको-टोकियो या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ३५ आणि ३६ यांत एका वर्षाचे अंतर असले तरी गुणक १६ वरून १५ वर येतो. आणि लग्न विहारात बौद्ध पद्धतीने झाले असेल, पण ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंदवले नसेल, तर पत्नीचा वारसा सिद्ध करताना दमछाक होते. लग्न लावणाऱ्या प्रत्येक बौद्धाचार्यांनी नोंदणीचा अर्जही त्याच दिवशी भरून घ्यावा, ही आमची जुनीच विनंती आहे.

जखमी माणसाचा दावा

मृत्यूच्या दाव्यात निदान रक्कम कशी काढायची हे ठरलेले आहे. जखमीच्या दाव्यात खरी कसोटी लागते, आणि इथेच आपले लोक सर्वाधिक नुकसान सोसतात.

डॉक्टर अपंगत्वाची टक्केवारी देतात. ती टक्केवारी म्हणजे कमाईतली घट नव्हे, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालाचे सार. न्यायालयाने उदाहरण दिले आहे डाव्या हाताचे. तो हात गेला तर सुताराचे किंवा ड्रायव्हरचे काम संपते, कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. अवयव तोच, नुकसान वेगळे. म्हणून दाखल्यावर '३० टक्के' आहे म्हणून अर्जातही ३० टक्केच लिहिणे हे वकिलाचे आळशीपण आहे.

२८ वर्षांचा, १५,००० कमावणारा हमाल धरा. ४० टक्के वाढीसह वर्षाचे २,५२,००० आणि गुणक १७. पूर्ण रक्कम ४२,८४,०००. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट नसते. कमाईतली घट ३० टक्के धरली तर १२,८५,२०० मिळतात. पाय अधू झाल्यावर हमाली होतच नाही हे पटवून देऊन ती ८० टक्के ठरली तर ३४,२७,२००. यासाठी दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते आणि त्यांना नेमका प्रश्न विचारावा लागतो : हा माणूस पन्नास किलोचे पोते उचलू शकेल का? जिना चढू शकेल का? कार्यकर्त्याने हमालीच्या ठिकाणी जाऊन काम कसे चालते याचे फोटो आणि सहकाऱ्यांची नावे वकिलाला दिली, तर हा प्रश्न विचारणे सोपे होते.

कायम अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा बहुधा आई किंवा बायको करते आणि तिचा हिशेब कुणी मांडत नाही. काजल विरुद्ध जगदीश चंद (२०२०) या प्रकरणात अपघातात मेंदूला इजा झालेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने सेवकाचा खर्चही गुणक लावून मंजूर केला. हे शीर्षक अर्जात स्वतंत्र लिहावे लागते. लिहिले नाही तर त्याचा पुरावा मांडायलाही जागा उरत नाही.

औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, रिक्षाचे भाडे, सगळ्याचे फोटो काढून एका ठिकाणी ठेवा. मेडिकलच्या बिलावरची शाई काही महिन्यांत उडते. फोटो त्याच दिवशी हवा.

उपचाराबद्दल एक नवी तरतूद लक्षात ठेवावी. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचार योजना लागू आहे : अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने खडसावल्यावर सरकारने ती आणली. ११२ वर फोन करून जवळचे नियुक्त रुग्णालय विचारा आणि काउंटरवर योजनेचे नाव घेऊन मागणी करा. मागितल्याशिवाय मिळते अशी योजना आम्ही अजून पाहिलेली नाही. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीतीही आता सोडायला हवी. कलम १३४-अ त्याला संरक्षण देते.

पोलिसांनी काय द्यायचे असते

१ एप्रिल २०२२ पासून नियम बदलले. तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा. दहा दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना क्रमांक २ द्यायचा. ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची अंमलबजावणी कशी करायची हे बजावून सांगितले. सविस्तर अहवाल न्यायाधिकरण दाव्याचा अर्ज म्हणून घेऊ शकते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दावा कोर्टापर्यंत नेण्याचे निम्मे काम पोलिसांचे आहे.

प्रत्यक्षात नमुना क्रमांक २ हातात पडलेले कुटुंब विरळा. म्हणून ठाण्यात जाताना तोंडी विनवणी न करता लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात नियमाचा आणि दिवसांचा उल्लेख करा. प्रथम खबरीची प्रत पीडितालाही मोफत मिळण्याचा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तिच्यासोबत घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, गाडीचे कागद आणि ड्रायव्हरच्या परवान्याची प्रत मागा.

काही कामे मोबाइलवर होतात. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की गाडीचा प्रकार, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसते. त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. आसपासच्या दुकानांचे, पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, त्यामुळे दुखवटा संपायची वाट बघू नका. एका कार्यकर्त्याने त्याच दिवशी दुकानदाराला आणि ठाण्याला 'चित्रण जपून ठेवा' असे लेखी द्यावे. पुढे ते पुराव्यात आणताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, म्हणून दुकानदाराचे नाव-पत्ता लिहून घ्या. दावा दाखल झाल्यावर ई-कोर्ट्स ॲपमध्ये सोळा अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख कुटुंबाला घरबसल्या कळते. 'तारीख होती, तुम्ही आला नाहीत' हे ऐकायची वेळ येत नाही.

ड्रायव्हर फौजदारी खटल्यात निर्दोष सुटला म्हणून दावा बुडत नाही, हेही घरच्यांना सांगा. तिथे पुरावा निःसंशय लागतो, इथे अधिक शक्य काय हे बघतात.

सहा महिने, आणि पाच लाखांची घाई

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६(३) पुन्हा आणले, ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले : अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज. त्याआधी अनेक वर्षे मुदतच नव्हती. या अटीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, प्रकरण निकाली निघेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत. हा दिलासा आहे आणि ज्यांची मुदत गेली त्यांनी त्याचा आधार घ्यावा. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर नव्या प्रकरणात उशीर करणे हा जुगार आहे. सहा महिने हीच तारीख भिंतीवर लिहा.

दुसरी घाई वेगळी. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. रोख तंगी असलेल्या घराला ही रक्कम मोठी वाटते. पण ती स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने ५ लाखांवर सही केली तर पंचवीस लाखांवर पाणी सोडले. ज्या प्रकरणात चूक सिद्ध करायला काहीच हाती नाही, तिथेच हा मार्ग नीट विचार करून घ्यावा. लोक अदालतीतल्या तडजोडीलाही हेच लागू. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी वहीत सूत्र मांडा, आकडा काढा, मग बोला.

धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार, हा अर्ज कोर्टात नव्हे, प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितले की, महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर या योजनेची माहिती पीडिताला लेखी द्या. अशा वेळी कुणी एजंट येतो आणि 'माझ्या ओळखीची विमावाली गाडी दाखवू' म्हणतो. त्याला दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे, आणि पकडले गेल्यावर आत जाते ते आपले माणूस.

विमा कंपनीच्या नेहमीच्या हरकती

ड्रायव्हरकडे योग्य परवाना नव्हता, ही सर्वात आवडती. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ठरवले की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवू शकतो. टेम्पो, पिकअप, छोटा हत्ती यांच्या असंख्य दाव्यांतली हरकत त्यामुळे गळून पडली. परवान्यात खरोखर खोट असली तरी अनेक प्रकरणांत न्यायालय कंपनीला आधी पीडिताला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते. स्वर्ण सिंह (२००४) हा त्याचा आधार.

दुचाकीवर तिघे होते म्हणून भरपाई कापा, असे म्हणतात. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय नुसत्या ट्रिपल सीटवरून कपात करता येत नाही, असे मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात (२०२०) ठरले आहे. पोरांनी तिघे बसावे असा याचा अर्थ नाही.

वकील, टक्केवारी आणि मोफत मदत

रुग्णालयाच्या फाटकावरच 'मिळेल त्यातले तीस टक्के' असा सौदा होतो. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणे बार कौन्सिलच्या आचारनियमांना धरून नाही, आणि अशा वकिलाविरुद्ध महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ठरावीक फी घेणे रास्तच आहे. आपल्यातले एलएल.बी. झालेले तरुण या क्षेत्रात यावेत असे आम्हाला मनापासून वाटते, पण त्यांनी ही टक्केवारी सोबत आणू नये.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे हा हक्क आपल्याला थेट लागू होतो. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत द्यायचा. फोनसाठी १५१००. मोफत वकील म्हणजे कामचुकार वकील असा समज आहे, आणि काही ठिकाणी तो खराही निघतो. म्हणूनच कार्यकर्त्याने फाइल स्वतः तयार करून दिली पाहिजे. तयार फाइल हाती आली की वकील कुणीही असो, काम पुढे सरकते.

निकाल लागूनही पैसे न मिळालेली घरे आहेत. न्यायाधिकरणांत कोट्यवधी रुपये दावेदार न सापडल्याने पडून असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दाव्यातच बँक खात्याचा तपशील घ्यावा आणि रक्कम थेट खात्यात जमा करावी असे निर्देश दिले. वस्तीत पाच-सात वर्षांपूर्वी दावा केलेले, मग घर बदललेले कुणी असेल तर त्याचा क्रमांक ई-कोर्ट्सवर शोधून बघा.

१४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, १ जानेवारी

दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि भीमा कोरेगावला जाताना मालवाहू टेम्पोच्या हौद्यात तीस-चाळीस माणसे बसवून नेण्याची पद्धत अजून आहे. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडे देऊन जाणारे प्रवासी तिच्या विम्यात येत नाहीत, हे आशा राणी प्रकरणापासून म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ प्रस्थापित आहे. अपघात झाला तर भरपाईचा बोजा गाडीमालकावर पडतो, आणि तो मालक बहुधा आपल्यासारखाच कर्जावर गाडी घेतलेला असतो. त्याच्याकडून वसूल काय होणार? काही निकालांत न्यायालयाने कंपनीला आधी पैसे द्यायला लावले आहे, पण तो हक्क म्हणून गृहीत धरता येत नाही. ऊसतोडीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणाऱ्या मजुरांची गतही बरीचशी अशीच होते.

म्हणून गाडी ठरवणाऱ्या मंडळाने आगाऊ रक्कम देण्यापूर्वी नंबर घेऊन एमपरिवहनवर तीन गोष्टी बघाव्यात : गाडी प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली आहे का, विमा त्या तारखेला चालू आहे का, फिटनेस संपलेले नाही ना. ड्रायव्हरच्या परवान्याचा फोटो घ्यावा. बसलेल्या सगळ्यांची नावे, वय आणि घरच्यांचा नंबर असलेली यादी गाडीत न ठेवता विहारात ठेवावी. स्वतःची दुचाकी घेऊन जाणाऱ्यांनी विम्याच्या कागदावर मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले आहे का ते पाहावे. आपणच घसरून पडलो तर तृतीय पक्षाच्या विम्यातून आपल्याला काहीच मिळत नाही, आणि मित्राची गाडी मागून नेली असेल तरी सहसा तेच होते.